पूजेचा पाट आणि राज्यघटना

॥ श्री सिद्धनाथ प्रसन्न ॥

१८ जुलै १९७७, सोमवार

तहसील कचेरीतल्या श्रावणी सत्यनारायणाला यंदा यजमान म्हणून नानासो पिसाळ सपत्नीक बसणार. साहेबांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं. सलग नऊ वर्षं त्या पाटावर मी आणि सौ. बसत आलो. पिसाळ मिलिटरीतून रिटायर होऊन परवा परवा कारकून झालेला माणूस. त्याला आचमन तरी येतं का? मला का काढलं, तर म्हणे गेल्या वर्षी तिसऱ्या अध्यायाला मी घोरलो. मी ध्यान करत होतो. ध्यानात श्वास मोठा होतो.

मला हेवा वगैरे वाटत नाही. मुळीच नाही.

१९ जुलै

सांगलीहून आणलेला पीतांबर मनुबाईने ट्रंकेतून काढून उन्हात टाकला होता. बातमी सांगितली. "आवं, बरं झालं की. तुमचं गुडघं तरी वाचतील," म्हणाली. बायकोला सर्व्हिसमधला मान कळत नाही.

यंदा अधिक श्रावण आहे. खरा श्रावण पंधरा ऑगस्टनंतर. म्हणजे महिना हातात आहे. काहीतरी करायचंच.

२३ जुलै

वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं चाळली. यंदाच्या जानेवारीपासून राज्यघटनेत 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द आला आहे! अंगावर काटा आला. सरकारी कचेरीत, सरकारी वेळेत, सरकारी सतरंजीवर पूजा? नऊ वर्षांत हे माझ्या लक्षात कसं आलं नाही? पाटावरून दिसत नसावं.

२६ जुलै, दुपार

रेकॉर्ड रूमच्या बनसोडेंकडे गेलो. ते बौद्ध. घटनेचं पुस्तक त्यांच्या टेबलावरच असतं. जिल्ह्याला तक्रार करू, सही द्या म्हटलं. ते दप्तर बांधत राहिले. म्हणाले, "माने, दर वर्षी मी सायबांना हेच सांगत आलो. तवा तुमीच म्हणत हुता, बनसोडे उगंच खुसपट काढतो."

म्हणालो असेन. तेव्हा परिस्थिती वेगळी होती. सही दिली नाही. त्यांचं म्हणणं ते स्वतःच्या नावानं मांडतात म्हणे. अर्ज निनावीच करावा लागणार.

२८ जुलै

अर्ज पूर्ण. चार पानं, सगळी डाव्या हाताने, अक्षर कुणाच्या बापाला ओळखायचं नाही. विचार स्पष्ट, भाषा कडक. वर ग्रामदैवताचं नाव घातल्याशिवाय मी कुठलंच लेखन सुरू करत नाही, म्हणून माझी कामं फत्ते होतात. खाली 'एक घटनाप्रेमी नागरिक'. स्वतः पोस्टात टाकून आलो.

४ ऑगस्ट

पिसाळ जेवणाच्या सुट्टीत पूजेची तयारी करतोय. माझ्याकडेच आला. "माने सायेब, देवाला पाणी घालताना पळी कंच्या हातात धरायची वो?" घटना डोळ्यांसमोर ठेवून डावा सांगितला.

त्याच्या बायकोने नवं लुगडं घेतलंय. हिरवं. कोण विचारतंय?

१८ ऑगस्ट

अर्ज जिल्ह्याहून खाली आला! 'चौकशी करून अहवाल सादर करावा.' आस्थापना टेबल माझंच, म्हणजे अहवाल मीच लिहिणार. ड्राफ्टचं पहिलं वाक्य तयार आहे: 'अर्जदार अत्यंत जाणकार दिसतो.' कागद सहीसाठी साहेबांकडे पाठवले.

२२ ऑगस्ट, सोमवार

साहेबांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. अर्जाचं पहिलं पान वर धरलं, माथ्यावरच्या 'श्री सिद्धनाथ प्रसन्न'वर बोट ठेवलं आणि विचारलं, आपल्यात म्हसवडचं कोण? सिद्धनाथ म्हसवडचा. कचेरीत म्हसवडचा मी एकटा.

पिसाळ म्हणाला, "लय भक्तीनं तक्रार केलीया गड्या." सगळे हसले. बनसोडे तेवढे हसले नाहीत.

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, अर्जातलं म्हणणं खरं आहे, बनसोडेही तेच सांगत होते, कचेरीत पूजा बंद. शनिवारी कचेरी सुटल्यावर पिसाळांच्या घरी होईल, ज्याला यायचं त्यानं यावं. माने तत्त्वाचे आहेत, त्यांना आग्रह करून कुणी संकोचात टाकू नये.

तत्त्वाचा विजय झाला. जेवण गेलं नाही.

२७ ऑगस्ट, शनिवार

दुपारी कचेरी रिकामी झाली. मनुबाईसुद्धा पूजेला गेली. माझा पीतांबर घेऊन गेली! पिसाळकडे धड सोवळं नाही म्हणून. मला विचारलं नाही.

मी काम काढून बसलो. रेकॉर्ड रूममध्ये बनसोडे होते. म्हणाले, "दर वर्षी पूजेच्या टायमाला मी हितं एकटाच असतो. आज सोबत झाली." बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

घरी आल्यावर मनुबाईने शिरा पुढे ठेवला. पिसाळ चुकला की नाही, विचारलं. "पळी डाव्या हातात धरली, भटजींनी बदलून दिली. तिसऱ्या अध्यायाला झोपला बी." मी ताठ बसलो. मग साहेब काय म्हणाले? "सायेब त्येच्या आदीच झोपलं हुतं."

खरं लिहितो, इथे कोण वाचतंय. मला तो पाट हवा होता. अजून हवा आहे. माझा पीतांबर त्याला लांडा झाला म्हणे, तरी शोभला.

शिऱ्यात केळं जास्त पडलं होतं. दोनदा घेतला.