डाव्या बाहीचा जोड

ती. आईला लांबूनच, पण वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. खोलीला मोठी खिडकी आहे, त्यामुळे चित्रं काढायला उजेड भरपूर मिळतो.

आमच्या कंपनीचं कपड्यांचं नवं कलेक्शन ठरलं. शिवण जुन्या काळची, कापड पुढच्या काळातलं, अंगाच्या उबेने रंग बदलणारं. माझं एक चित्र कंपनीच्या मोठ्या बाईंना फार आवडलं. पोलक्याची उजवी बाही साधी आणि डावीला काखेत मोठा जोड. "हा कुठल्या काळातला?" त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "फार जुना आहे, आमच्याकडचा."

आता सगळ्या पोशाखांना तोच जोड लागणार. इथे त्याला 'राजेशाही बाही' म्हणतात. मी नुसती मान डोलावते.

तुझा खांदा आखडला, हात वर जाईना, म्हणून तू पोलक्याला तो जोड लावलास. हे बाईंना रोज सांगेन म्हणते आणि तोंड शिवून बसते.

बाबा तेल चोळून देतात ना? त्या बाहीचं माप मला तोंडपाठ होतं. खांद्याचं मात्र कधी विचारलंच नाही. हात आता कुठवर जातो गं?

तुझी धाकटी