टाळ्या नाटकात, खुर्ची जावयाला

थ्रासोस काका,

म्हणजे या वेळीही तुमचंच खरं का? उन्हाळ्यात गावाने केलेल्या जुन्या ग्रीक नाटकात माझी बहीण एव्दोकिया राजाला नडली, तेव्हा तुम्हीच उभं राहून रडत टाळ्या पिटल्यात. "शाब्बास पोरी! बाई असावी तर अशी!" मी सहावीत शाळा सोडलेला, मला एवढंच कळलं की त्या राजाला बाईचं ऐकायची लाज वाटते.

कायद्याला बायकांची नावं लागतात म्हणून तुम्ही तिचं नाव नगरपालिकेच्या उमेदवारांच्या यादीत भरलंत. गावाने नेमकं तिलाच निवडून दिलं. आता कॉफीच्या दुकानात चारचौघांत म्हणता, "राजीनामा दे गं, माझ्या जावयाला बसू दे खुर्चीत. तुझं काम नाटकात." ती ऐकत नाही, तर नगरपालिकेच्या शहरातल्या बैठकीला जायला तुमची गाडी देत नाही. थू तुमच्या टाळ्यांवर!

हे पत्र टाकणार नाही. तुम्ही ते दुकानात माझी नक्कल करत वाचाल आणि हशा पिकवाल.

हांबुर्गच्या गोदीतून,
तुमचा नालायक पुतण्या
लेफ्तेरिस

ता. क. एव्दोकियाच्या नावावर आजच पैसे पाठवतोय, बैठकीला टॅक्सीने जाऊन यायला : ऐंशी युरो.