संडासातलं साचलेलं पाणी

केळवे
५ जाने. १९६७
मागच्या पडवीतला संडास आज सुरू. नारळ फोडला. हिने दाराला हळदकुंकूसुद्धा लावलं. चुलतभाऊ बाबू बघायला आला, नाकाला उपरणं लावून. अजून कोणी वापरलाही नव्हता. "दादा, देवघराच्या भिंतीला लागून संडास? आजोबा असते तं..." आजोबा जन्मभर माडांच्या मागे गेले, त्यांचं मत कशाला?
हे सगळं शालूसाठी. एकुलती मुलगी, गिरगावात दिलेली, सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरचं. पण विहीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, अवघडलेली सून लोटा घेऊन वाडीत फिरणार असेल तर पाठवायची नाही. तेव्हापासून हिचं जेवणावर लक्ष नव्हतं. आज भात मागून घेतला.

९ जाने.
संडासात खोट आहे. भांड्याच्या तळाशी पाणी राहतं. बादली ओतली, तेवढंच. वाटीने उपसलं, पुन्हा ओतलं, तेवढंच. माझा जन्म सुपारीच्या वाडीला पाणी लावण्यात गेला. पाट नीट असेल तर पाणी थांबत नाही. थांबलं म्हणजे उतार चुकला.
संडास बांधणारा मिस्त्री हल्ली तारापूरला, अणूच्या कामावर. बोईसरला उतरून तिथवर गेलो. फाटकावरचा म्हणाला, "अंदर है, छुट्टी में मिलेगा." परत आलो. आपलं आपणच करू.

१२ जाने.
बाहेरून जोतं फोडलं, खोट सापडली. भांड्याखालचा नळ वाकडा! खाली जातो, मग वर चढतो, मग पुन्हा खाली, मैल्याच्या टाकीत. पाणी चढणीला लावलंय गाढवाने. माझ्या वाडीत गड्याने असा पाट काढला असता तर त्याच दिवशी घरी पाठवला असता.
बाबू : "वाकडा नळ सवस्तात मिलाला असंल, दादा. मिस्त्री लबाड हाय."
पहिल्यांदाच बाबूचं पटलं.

१३ जाने.
वाकडा तुकडा काढला. विहिरीवरच्या इंजिनाचा जुना नळ होता, तो सरळ बसवला. सिमेंट स्वतः कालवलं. पाठ गेली. ही तेल चोळत होती, तेही कौतुकाने.
वाकडा तुकडा विहिरीजवळ ठेवला, हिने त्यात अळू लावला.

१५ जाने.
वा! बादली ओतली की सर्रकन् खाली, थेंब राहत नाही. बाबूला बोलावून चारदा ओतून दाखवलं. विहीणबाईंना कळवून टाकलं. त्या येत्या रविवारी स्वतः बघायला येणार, जावईबापूंना घेऊन.

१७ जाने.
घरात वास येतोय. आधी वाटलं उंदीर मेला. माळा झाडला, नाही. मग दातिवऱ्याची जानकी मासे घेऊन आली तेव्हा तिच्यावर घसरलो, की तुझे बोंबील नीट वाळलेले नाहीत.
"नाना, माज्या बोंबलाला नाव ठेवू नका. ह्यो वास तुमच्या घरातना येतंय." टोपली उचलून गेली. आज डाळभात.

१९ जाने.
फिनेल, धूप, कापूर, सगळं झालं. आता देवळात कोणी घाण करून ठेवल्यासारखा वास येतो. हिने देव उचलून ओटीवर आणले. माझ्याशी बोलणं बंद. संध्याकाळी एकदाच बोलली : "माज्या पोरीचं पयलं पोर ह्या घरात रडावं, येवढंच मागितलं मी. दुसरं काय मागितलं कदी?" आणि रडली. मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत तिने खरंच काही मागितलेलं नाही. काय चुकलं तेच कळत नाही, उतार तर उत्तम आहे.

२० जाने.
सकाळी ही दुधाच्या कपाटाच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी घालत होती, मुंग्यांसाठी. एकदम थांबली.
"अवो, ह्यातलं पानी आटलं का मुंगी वर चढते."
"मग?"
"तुमच्या त्या वाकड्या नलात पानी साचलेलं व्हतं, तवा वास व्हता का?"
मी चहा संपवला. आणखी अर्धा कप मागितला, तोही संपवला. मग कुदळ घेतली.

२१ जाने.
अळू उपटला. छान फुटला होता बिचारा. वाकडा तुकडा घासून पुसून परत बसवला. काढताना कडेला टवका उडाला होता, तिथे सिमेंट जरा सढळ लावलं. तळाशी पाणी साचलं, तेवढंच. इतकं बरं वाटलं ते घाण पाणी बघून!
बाबू : "मी तवाच म्हनलो, वाकडा हाय तं कायतरी कारन असंल." कधी म्हणाला?
सिमेंट ओलं आहे. उद्या रविवार. संध्याकाळपर्यंत कोणी वापरायचा नाही असं घरात बजावलं.

२२ जाने., रविवार, दुपार
विहीणबाई आल्या. उंबऱ्यातच दोनदा नाक ओढलं. वास नाही! ओटीवर देव का, म्हणाल्या. ही पटकन : "इथं वारा चांगला लागतो त्यांना."
आल्या आल्या पडवीकडे निघाल्या होत्या. हिने चहाला बसवलं, मग नारळपाणी, मग जेवण, मग आग्रहाने पुन्हा भात. सगळं सिमेंट वाळावं म्हणून. एवढं सगळं पोटात गेल्यावर काय होणार, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. पान खाऊन उठल्या आणि म्हणाल्या, "आता मी स्वतःच वापरून बघते. सून पाठवायची की नाही, बाहेर येऊन सांगते."
बादली घेऊन गेल्या. कडी लावली.
मी ओटीवर हे लिहीत बसलोय. जावईबापू माडांकडे बघतायत. ही कपाटाखालच्या वाट्या भरतेय, भरलेल्याच आहेत, पाणी जमिनीवर सांडतंय तरी भरतेय. बादली ओतल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. पुन्हा एकदा बादली.
कडी निघाली.