गेटपाशी रांग

राजरत्नदादा,

१. मंगळवारी सकाळी अकराला आपल्या डोंबिवलीच्या कारखान्यात क्लोरीन गळला.
२. भोंगा वाजताच कामगार गेटपाशी रांगेत उभे राहिले.
३. वारा गेटच्याच दिशेने होता.

दरवर्षी मॉक ड्रिलला तू त्यांना तिथेच उभं करायचास. मी वाऱ्याचा विषय काढला, तर म्हणालेलास, "अगं, फोटो दिल्लीच्या हेड ऑफिसला जातो, मागे कंपनीचा बोर्ड दिसला पाहिजे." मग जमायच्या जागेच्या नकाशावर मीही सही केली.

मंगळवारी आपली आईही कामावर होती, पहिल्या रांगेत. घसा जळत असताना शेजारच्या बाईला म्हणाली, "हलू नकोस गं, फोटो व्हायचाय." दोघी ऑक्सिजनवर आहेत.

तुझ्या अहवालात आहे, 'कामगारांनी सूचना पाळल्या नाहीत.' त्यांनी पाळल्या.

तुला लिहिलेली आधीची दोन पत्रं मी पाठवली नाहीत, हे पाठवतेय. अहवाल दिल्लीला जाण्याआधी ते वाक्य काढ. शुक्रवारपर्यंत उत्तर दे.

स्वप्ना