उष्टी चिठ्ठी

सोमवार
लागली एकदाची नोकरी! रुग्णालयाच्या तळघरातला संगणक विभाग. गार, लख्ख, फिनेलचा वास येणारी खोली. रुग्णाचं नाव आणि रक्तगट छापणारा प्रोग्राम माझ्याकडे आला. ती चिठ्ठी बघूनच रक्ताची पिशवी निघते. शेजारच्या टेबलावरचा जाड्या माझा सीनियर. पहिल्याच दिवशी माझ्या डब्यात हात घालून मोकळा झाला. मंडळी घरगुती दिसतात.

मंगळवार
आज आतला कोड वाचला आणि शिसारी आली. मजकूर जुळवणारं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा तेवढा तुकडा, एक, आणि मजकूर ठेवायला त्याच्याकडे जागाही एकच. पूर्वी चिठ्ठ्या देणारी खिडकी एक होती, तेव्हा भागलं. आता चार खिडक्यांची कामं चार थ्रेड, म्हणजे प्रोग्रामचेच चार हात, एकदम करतात. एकाचं लिहून होईतो दुसरा त्यातच खरडतो. एकाच बशीत चौघांनी चहा ओतून भुरकावा, तसला प्रकार. जाड्या म्हणाला, चाचणीत कधी चुकलं नाही. चुकेल कसं? चाचणीला हा एकटाच बसतो.

बुधवार
त्या फंक्शनमध्ये ‘इथे पोचलो’ एवढीच नोंद करणारी एक फालतू ओळ होती. असला गाळ मला बघवत नाही. काढून टाकली. प्रोग्राम भलताच चपळ झाला. वहिनी आज इथेच भरती झाली, शुक्रवारी शस्त्रक्रिया. मी इथे आहे म्हणून दादा निर्धास्त.

गुरुवार
लॅबमधल्या ताईंनी एक चिठ्ठी टेबलावर आपटली. नाव एका आजोबांचं, गट भलत्याच बाईचा. जाड्या थंडपणे म्हणाला, "ती ओळ मीच घातली होती. नोंद करायला सगळे थ्रेड रांगेत थांबायचे, म्हणून एकमेकांत खरडायचे नाहीत. मूळ दुखणं काढायला वेळ कुणाला होता?"
म्हणजे याला ठाऊक होतं. ओळ परत घातली. कालपासूनच्या सगळ्या चिठ्ठ्या मागे घेऊ म्हटलं, तर म्हणे साहेबांना कळेल, गप्प बस. वहिनीची चिठ्ठी उद्या निघणार, तिला धोका नाही, असा हिशेब करून मी गप्प बसलो. त्याची किळस आली, त्याहून माझी.

शुक्रवार
रस्ता तुंबलाय, मी बसमध्येच. दादाचा फोन. शस्त्रक्रिया झाली, वहिनीला रक्त चढतंय. पिशवी बुधवारीच काढून ठेवली होती म्हणे —
बुधवारी —
नर्सला बोलाव म्हटलं. जागेवर नाही. घाबरतोस कशाला म्हणतो, नाव हिचंच आहे. नाव नको दादा, गट वाच. वहिनीचा ओ —
बी लिहिलंय म्हणतो.
नळी बंद कर, आधी नळी — ऐकतच नाही — म्हणतो, तिला हुडहुडी भरलीय, पांघरूण घालतो आणि मग