खराब नखांचा हात

आबा, तुमच्यावर राग काढायचा आहे, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं आणि आता कुणी वाचून दाखवलं तर ऐकायला तुम्ही नाही, पण माणूस गेलं म्हणून त्याच्यावरचा राग काही जात नाही. ऐकून घेणारं कुणी नसलं की तो जास्तच डोकं वर काढतो. माझी एक परीक्षा होती. ती हातची गेली, आणि ती तुमच्या करंजाच्या तेलानं घालवली. आता तुम्ही म्हणाल, मला जाऊन किती पावसाळे झाले, माझं तेल तुझ्या परीक्षेत कुठून आलं? तेच सांगते.

तुम्ही गेलात तेव्हा मी तेलगावला सासरी होते. ते घर पुढं सुटलं, त्याचं आता फारसं वाईट वाटत नाही. मी गेवराईला आले, एका पार्लरमध्ये झाडण्यापासून सुरुवात केली, काम शिकले, आणि आता भाड्याचा का होईना, माझा स्वतःचा गाळा आहे, मागं राहायला एक खोली आहे. मी बायकांची नखं करते. कापत नाही आबा, करते. एक पूड आणि एक उग्र वासाचं पाणी ब्रशवर घ्यायचं, त्याचा छोटा गोळा नखावर बसवायचा, तो घट्ट व्हायच्या आत त्याला नखाचा आकार द्यायचा आणि मग घासून असा गुळगुळीत करायचा की नवरी मुलगी नवऱ्याकडं बघायचं सोडून स्वतःच्या हाताकडंच बघत बसते. भाऊ म्हणतो, "आबा खुरं कापायचे, ही नखं करती. चार पायावरून दोन हातावर आली, येवढीच काय ती वाढ." असं म्हणून तो हसतो आणि मीही हसते. पण मी एकटी असले की मला ते टोचतं.

तुम्हाला आठवतं का, उमापूरच्या बाजारातून मी तुमच्या नकळत लाल नेलपेंट आणली होती? कुणाच्या तरी रानात आपली मेंढरं बसलेली आहेत. मी मेंढरांभोवती लावलेल्या वाघरीच्या जाळीपाशी बसून दहाही बोटांवर फुंकर घालते आहे. तुम्ही येता, माझा हात तुमच्या मांडीवर घेता आणि खुरं कापायच्या सुरीनं एकेका नखावरचा रंग खरवडायला लागता. मी श्वास धरून बसले आहे. पातं कातडीला कुठंच लागत नाही, फक्त लाल कपचे उडतात. "कावून लावलंस हे?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "समद्या पोरी लावत्यात." तुम्ही म्हणालात, "समद्या पोरींची बोटं कोकरं चोखत न्हाईत. त्येंच्या पोटात जाईल ना हे." खरं होतं ते. आईनं न पाजलेल्या कोकरांना मी दुधात बोट बुडवून चोखायला द्यायची. पण आबा, कोकरं काही दहाही बोटं चोखत नव्हती. करंगळ्या तरी ठेवायच्या होत्या. मला अजूनही वाटतं की कोकरांचं निमित्त होतं, आणि अजूनही वाटतं की नसेलही.

त्याच सुरीनं खूर कापायला मला तुम्हीच शिकवलंत. एकदा मी घाईत खोल कापलं आणि मेंढीच्या खुरातून भळकन रक्त आलं. तुम्ही मारलं नाही. सुरी काढून घेतलीत आणि पुढचा सबंध उन्हाळा माझ्या हातात दिली नाहीत, ते मारण्यापेक्षा वाईट होतं. "खुराची कड कापायची, खुरातला जीव न्हाई," एवढंच म्हणालात. कापून झालं की तुम्ही करंजाचं तेल लावून घ्यायचात, दिवसाआड, खूर फुटू नये म्हणून. तेल चोळायचं काम मायचं असायचं. तिनं ते इतकी वर्षं केलं की तिला तेल लावणं हे काही लावणं वाटतच नाही. पाणी प्यायल्यासारखं आहे ते तिला.

तर, माय. ती अजून मेंढरामागं जाते. गेल्या पावसात एका ओढ्यात पाय घसरून पडली, उठता येईना, आणि भाऊ शोधत येईपर्यंत दिवस मावळला होता. कुशीत कोकरू धरून ती तशीच चिखलात बसलेली. मी त्या दिवसापासून मागं लागले की माझ्याकडं ये. भाऊ वाईट नाही आबा, पण म्हणाला, "तुझंच बूड अजून टेकलेलं न्हाई. मायला नेऊन कुठं ठिवतीस?" आणि मायचं वेगळंच. "लेकीच्या घरी फुकटची भाकर खायची न्हाई. जन काय म्हनंल?" हे तुमचंच वळण. तुम्ही तेलगावला माझ्या दारात यायचात, उंबऱ्यावर बसायचात आणि पाणीही न घेता उठायचात. शेवटी ती एवढ्यावर आली की तुझी पक्की नोकरी लागू दे, राहायला धड जागा मिळू दे, मग बघू. बीडच्या एका शिकवणी केंद्रात नखांचं काम शिकवायला बाई हवी होती, वर राहायची खोलीही मिळणार होती. पण त्यांना वरच्या परीक्षेचं प्रमाणपत्र पाहिजे होतं. म्हणून मी त्या परीक्षेला बसले. माझ्या नावापुढं शोभेला काहीतरी लागावं म्हणून नाही.

या परीक्षेला स्वतःचं माणूस बरोबर न्यावं लागतं, ज्याच्या हातावर काम करायचं ते. आणि वरच्या परीक्षेला चांगली नखं चालत नाहीत. फुटलेली, चिरलेली, वेडीवाकडी वाढलेली नखं असलेला हात आणा म्हणतात. गेवराईत मुली आपली धड नखं घेऊन माझ्याकडं येतात. असा हात मी कुठं शोधू? मायचा अंगठा कुऱ्हाडीखाली येऊन दुभंगलेला, बाकीची नखं कडेनं फाटलेली. मी तिला फोनवर बजावलं, "माय, हाताला काई लावू नको बरं. मेंदी न्हाई, रंग न्हाई. आन हायती तेवढी नखं मोडू देऊ नको." ती म्हणाली, "न्हाई मोडू देत." तिनं शब्द पाळला. नखं मोडू नयेत म्हणून ती रोज रात्री त्यांना करंजाचं तेल चोळत राहिली, तुम्ही मेंढरांच्या खुरांना चोळायला लावायचात तसं.

परीक्षा संभाजीनगरला होती. एसटीत ती माझ्या शेजारी बसलेली होती. तिच्या हाताला करंजाचा कडू वास येत होता. कुणाच्याही नाकाला कळला असता, पण मला तो वासच वाटला नाही. घरच्या माणसाला येतो तो वास, असंच मी धरून चालले. दुसऱ्या कुणाचा हात असता तर मी तिथंच विचारलं असतं.

हॉलमध्ये ओळीनं टेबलं आहेत, प्रत्येकीसमोर दिवा आहे. नियम वाचून दाखवले गेलेत. परीक्षा चालू असताना समोरच्या माणसानं बोलायचं नाही, आपणही त्याला काही विचारायचं नाही. माय अंग चोरून बसली आहे, डोक्यावर पदर, दोन्ही हात टेबलावर पालथे. मी तिची नखं घासते, पुसते, औषध लावते, सगळं शिकवल्याबरहुकूम. उजव्या हाताची पाचही नखं बसतात. इतकी सुंदर बसतात की मला स्वतःचाच अभिमान वाटतो. मग मी डाव्या हाताकडं वळते, आणि सहज उजव्या तर्जनीवर नजर जाते. मुळापाशी एक पांढरा चंद्र दिसतो. खालची पकड सुटली आहे. मी काडीनं हळूच दाबते तर कड उचलते. मधल्या बोटाचंही तसंच. मी ते बोट नाकाशी नेलं. तेल. नखाच्या आत मुरलेलं तेल, वरवर पुसून जाणारं नव्हे. मी मायकडं बघितलं. विचारता येत नव्हतं. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला कळलं. नियम गेला खड्ड्यात, ती म्हणाली, "तेल लावलं व्हतं गं. तुझे आबा लावायचे तसं. ते काय लावनं असतंय व्हय?" परीक्षक बाई लगेच म्हणाल्या, "समोरच्या ताईंनी बोलू नका, नाहीतर दोघींना उठावं लागेल." मायनं पदर तोंडात धरला.

शेजारच्या टेबलावरची मुलगी जालन्याकडची होती. ती मान न वळवता पुटपुटली, "वरून चकाकीचा थर मारा ताई. मार्क देईपर्यंत टिकतंय." खरं बोलत होती. टिकलं असतं. घड्याळ पुढं पळत होतं, मी हात थांबवून बसले होते, आणि मला बीडची ती खोली दिसत होती. पण आबा, वरून चकाकी मारली की खालच्या फटीत पाणी शिरतं आणि मुरतं. नख आतून हिरवं पडतं, सडतं. पावसाळ्यात मेंढरांची खुरं सडतात तशी. आणि हा हात परीक्षा संपली की धुणं, शेण, दूध सगळ्यात जाणार होता. दुसरी कुणी समोर असती तर मी चकाकी मारली असती का? मारली असती बहुतेक. मी मला ओळखते.

मी पाचही नखं उतरवली. भिजवून, हळूहळू घासून, आतल्या जिवाला धक्का न लावता. मग तेल निघेपर्यंत औषधानं पुन्हा पुन्हा पुसलं. मनगट टेबलाला टेकवून धरलं. उजवा हात पुन्हा केला, डावा घेतला. अंगठा केला, तर्जनी केली, मधलं बोट केलं. चौथ्या बोटाला हात घातला आणि वेळ संपली. परीक्षक बाई आल्या, त्यांनी प्रत्येक नख दाबून बघितलं, काडी आत सरकते का बघितलं. सरकली नाही. "काम पक्कं आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "पण अपुरा हात मला तपासता येत नाही. पुढच्या वेळी या." त्यांच्या जागी मी असते तरी हेच म्हटलं असतं. तरी मला रडू आलं, आणि मी तिथंच, सगळ्यांसमोर रडले.

परतीच्या एसटीत मायनं शेंगांची पुडी सोडली. तिला शेंगा फोडता येईनात, त्या लांब नखांनी. मी फोडून दिल्या. मला तिच्याशी बोलायचं नव्हतं, मी तोडून बोलले असते. मनात एकच घोळत होतं की आता ही उद्या परत ओढ्यात उतरणार. गेवराईच्या स्टँडवर भाऊ मोटारसायकल घेऊन उभा होता. माझ्या तोंडावरून त्याला अंदाज आला असावा, तरी त्यानं विचारलं, "झालीस का पास?" मी तोंड उघडायच्या आत माय म्हणाली, "न्हाई झाली. माझ्यापायी ऱ्हायलं." मग तिनं दोन्ही हात त्याच्यासमोर धरले, आठ नखं लखलखीत आणि दोन फाटकी. "आता मला हिच्यापाशी ऱ्हावं लागतंय. सराव कुनाच्या हातावर करंल ही? असला खराब हात गेवराईत हाय का कुनाचा?" भाऊ म्हणाला, "आन मेंढरं?" ती म्हणाली, "मेंढरं तुजी हायती. हात माजा हाय." तो माझ्याकडं बघायला लागला. मी खाली बघितलं. त्यानं मोटारसायकल चालू केली आणि म्हणाला, "लुगडी पाठवून देतो."

माय आता इथंच आहे. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की समोर येऊन बसते आणि दोन्ही हात टेबलावर पालथे टाकते, कामावर हजेरी लावल्यासारखी. भाकरी खाताना तिचा चेहरा मोकळा असतो. शेजारच्या बाईनं एकदा विचारलं, "लेकीकडं ऱ्हायला आलाव का?" तर माय फणकारली, "ऱ्हायला न्हाई, कामाला आलेय. हात देते." तेल तिनं बंद केलं आहे, पण रोज विचारते की थोडं लावू का, आबा लावायचेच की. मी तिच्यावर ओरडते. ती म्हणते, अगदी बापावर गेलीस. परीक्षा पुन्हा जवळ आली आहे, बीडची जागाही अजून रिकामी आहे, आणि मला रात्री झोप लागत नाही. नापास होण्याची भीती वाटतेच. पण यावेळी पास झाले, तर सराव संपला म्हणून ही लुगडी गुंडाळायला लागेल, याची भीती जास्त वाटते. मग बीडच्या खोलीवर तिला काय सांगून न्यायचं? काल तिनं विचारलं, "अजून किती दिस लागंल गं माझा हात?" मी म्हटलं, "लई दिस लागंल. पास झाले तरी लागतोच."

हा कागद मी फाडून टाकणार आहे. कुणी मायला वाचून दाखवला तर पंचाईत व्हायची. कारण तिला माहीत नसलेली एक गोष्ट तुम्हाला सांगते, आबा. सरावासाठी रबराचे हात मिळतात. माझ्याकडं दोन आहेत. ती आली त्याच संध्याकाळी मी ते गोधडीत गुंडाळून माळ्यावर टाकले.