करदंट पाठवू नकोस

बंगळूर, सोमवार

प्रिय अव्वा,

तुझ्या पाया पडून सांगते, मी बरी आहे. फोनवर बोलायचं धाडस होईना, म्हणून लिहिते.

पोट लहान करायच्या ऑपरेशननंतर उतरलेलं वजन पुन्हा वाढलं. ऑफिसातून आले की तू पाठवलेलं डिंक-सुक्यामेव्याचं गोड करदंट एकटीच खात बसायचे. लाजेने डॉक्टरीणबाईंकडे जाणंही सोडलं होतं. परवा गेले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “पुन्हा सुरुवात करू. आधी सांग, जेवताना सोबत कोण असतं?” मला रडूच आलं.

आता आधी डाळ, मग भाकरीचा तुकडा, सावकाश चावून खाते.

तुझे गुडघे कसे आहेत? रागावू नकोस, पण खाऊऐवजी जेवणाच्या वेळी फोन कर. तू सगळ्या गल्लीच्या कागाळ्या सांग. तेवढ्यात माझा एक घास नीट चावून होईल.

तुझीच लेक,
नागरत्ना